प्रयोग संपला, आता बोलूया का?

गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते की नाटकाची खरी चर्चा स्टेजवर मांडलेल्या खुर्च्यांवर होत नाही, ती जिन्यात आणि पार्किंगमध्ये होते. त्या एका ओळीवर पत्रंच पत्रं आलीत. बरीचशी हौशी नाटकवाल्यांची, काही वाचनालय किंवा मंडळ चालवणाऱ्यांची, आणि दोन-तीन सरळसरळ भांडणारी. एकसारखी पत्रं एकत्र केलीत आणि लांबलचक होती ती कापलीत, राग मानू नका.

ताई, आमचा हौशी ग्रुप आहे, प्रत्येक प्रयोगानंतर चर्चा ठेवतो. पण खुर्च्या मांडेपर्यंत निम्मं थिएटर रिकामं होतं आणि उरतात ते आमचेच नातेवाईक. मग मी माइक घेऊन विचारतो 'कसं वाटलं नाटक?', सगळे म्हणतात 'छान झालं', आणि विषय संपला. काय चुकतंय?
— खुर्च्या मांडून दमलेला

दादा, प्रश्नच चुकतोय. समोर नट उभा आहे, घामाने निथळतोय, मेकअप अर्धा पुसलाय, दोन महिने तालमी केल्यात बिचाऱ्याने, आणि त्याच्या तोंडावर कोण सांगणार की दुसरा अंक जाम रेंगाळला म्हणून? 'छान झालं' म्हणजे मत नाही हो, ती रीत आहे, लग्नात आहेर देतात तशी. लोकांना मत विचारलं की ते सावध होतात, कारण मत चुकू शकतं. काय दिसलं ते विचारलं तर चुकायला काही जागाच नाही.

मी अलीकडे एवढंच विचारते, 'नाटक संपलंय, पण डोळ्यासमोरून काय जात नाहीये अजून? एकच गोष्ट सांगा, एखादं वाक्य, हालचाल, वस्तू, काहीही.' मग गप्प बसते. हे गप्प बसणं फार अवघड आहे हं, पहिले सात-आठ सेकंद असं वाटतं की आपली फजिती झाली, आणि नेमकं तेव्हाच आपण घाबरून पुढचा प्रश्न टाकतो आणि कुणीतरी बोलायला तोंड उघडलेलं असतं ते परत मिटतं.

एक किस्सा सांगते. म्हातारे वडील आणि घराच्या वाटणीवरून भांडणारे दोन मुलगे असं एक नाटक होतं, मी आपली तयारीत होते की चर्चा इस्टेटीवर जाणार, कायद्याचे दोन मुद्दे पण लिहून आणलेले. पहिला हात वर झाला मागच्या रांगेतून, गृहस्थ म्हणाले, 'ती चप्पल.' दुसऱ्या अंकात वडील एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत राहतात आणि शेवटी तसेच बाहेर जातात, मुलगे भांडतच असतात. ते गृहस्थ एवढंच म्हणाले की माझे वडील रोज चष्मा शोधायचे आणि मी ऑफिसला उशीर होतोय म्हणून ओरडायचो. झालं, पुढची पंचवीस मिनिटं घरात वस्तू कोण हरवतं, कोण शोधून देतं आणि कोण नुसतं ओरडतं यावर लोक बोलत होते, इस्टेटीचा 'इ' पण निघाला नाही. गंमत म्हणजे संहितेत ती चप्पल नव्हतीच, त्या दिवशी विंगेत कुणाच्या तरी पायाने दुसरी चप्पल सरकली होती आणि नटाने वेळ मारून नेली होती. दिग्दर्शक माझ्या शेजारी बसून शांतपणे मान डोलावत होता. पुढच्या प्रयोगापासून चप्पल कायम झाली.

बाकी व्यवस्थेचं म्हणाल तर चर्चा आहे हे नाटक सुरू व्हायच्या आधी सांगा, मध्यंतरात परत सांगा, आणि संपल्यावर दहा मिनिटं मोकळी सोडा. ज्यांना जायचंय त्यांना अपराधी न वाटता जाता आलं पाहिजे, ज्यांना थांबायचंय त्यांना पाणी पिऊन, शेजारच्याशी दोन शब्द बोलून परत बसता आलं पाहिजे. आणि स्टेजवर खुर्च्या मांडूच नका! खाली उतरा, पहिल्या दोन रांगांत बसा वळून. वर खुर्च्या, खाली माणसं असं झालं की ती पत्रकार परिषद होते.

लिझ लर्मन म्हणून अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका आहेत, त्यांनी 1990 च्या सुमाराला अशा चर्चेसाठी चार पायऱ्यांची एक पद्धत बसवली. आधी बघणाऱ्यांनी फक्त काय भिडलं ते सांगायचं, मग कलाकाराने त्याला पडलेले प्रश्न प्रेक्षकांना विचारायचे, मग प्रेक्षकांनी कलाकाराला प्रश्न विचारायचे पण प्रश्नाच्या आडून आपलं मत घुसवायचं नाही, आणि सगळ्यात शेवटी मतं, तीही 'मला अमुकबद्दल एक मत आहे, सांगू का?' असं विचारून, आणि कलाकार नको म्हणाला तर विषय सोडून द्यायचा. मूळ हेतू कलाकाराला त्याच्या कामात मदत व्हावी हा, म्हणून अजून घडत असलेल्या नाटकाला ही जास्त उपयोगी. पण तिसरी पायरी कुठेही शिकण्यासारखी आहे. 'शेवट इतका ताणला का?' यात मत लपलंय, 'शेवटच्या प्रवेशात प्रेक्षकाने काय घेऊन जावं असं तुम्हाला वाटत होतं?' यात नाही. दोन्ही प्रश्न मोठ्याने म्हणून बघा, दिग्दर्शकाचे खांदे कधी वर जातात ते कळेल.

एक काका दर वेळी माइक घेतात आणि सोडत नाहीत. नाटक कुठलंही असो, ते त्यांच्या काळातल्या नाटकांवर येतात. ज्येष्ठ आहेत, अडवता येत नाही.
— त्रस्त सूत्रसंचालिका

प्रत्येक गावात एक असतात, तुमच्याकडे एकच आहेत यात आनंद माना. माइक देऊच नका, तुमच्या हातात ठेवा आणि बोलणाऱ्याजवळ जाऊन उभ्या राहा, हात खाली घेतला की माइक पण जातो. आणि सुरुवातीलाच सगळ्यांना शेजारच्या माणसाशी तीन मिनिटं जोडीने बोलायला लावा, काकांचं निम्मं भाषण तिथेच ओतून होतं. ज्याच्या वाट्याला ते येतील त्याची मात्र माफी मागा.

आम्ही घरातल्या हिंसाचारावर एकांकिका केली. चर्चेत एक बाई उठल्या आणि स्वतःबद्दल सांगायला लागल्या, मग रडायला लागल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तेव्हापासून झोप नीट लागत नाहीये, आपण काहीतरी चुकीचं केलं असं वाटतंय. त्यांचं पुढे काय झालं माहीत नाही.
— एकांकिकेची लेखिका

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. टाळ्या लोकांनी वाईट हेतूने नाही वाजवल्या, त्यांना दुसरं काय करायचं ते सुचलं नाही, पण बाईंना काय वाटलं असेल? त्या क्षणापुरता त्यांच्या आयुष्याचा प्रयोग झाला आणि प्रयोग पसंत पडला. तुम्हाला झोप येत नाहीये ती यामुळेच, आणि त्यात तुमची चूक असेल तर एवढीच की तुम्ही चर्चा ठरवली पण ती खरंच झाली तर काय, हे ठरवलं नव्हतं. बहुतेक कुणी ठरवत नाही. मीही ठरवत नसे.

एक उदाहरण देते. अमेरिकेत ब्रायन डोरीस नावाचे दिग्दर्शक सोफोक्लीसची जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीची ग्रीक नाटकं सैनिकांसमोर वाचून दाखवतात, सेट नाही, कपडेपट नाही, टेबलापाशी बसून नुसतं वाचन. 2008 मध्ये पहिल्यांदा सॅन डिएगोत मरीन सैनिकांसमोर वाचन केलं, त्यात एजॅक्स होता, म्हणजे युद्धात मोठा पराक्रम गाजवलेला आणि मग अपमानाने वेडापिसा होऊन जनावरांची कत्तल करणारा, शेवटी स्वतःला संपवणारा योद्धा. नंतरच्या चर्चेला पाऊण तास ठेवला होता, ती तीन तासांच्यावर चालली. तिथे एका सैनिकाच्या बायकोने सांगितलं की माझा नवरा चार वेळा युद्धावर गेला आणि दर वेळी परत येताना, त्या एजॅक्ससारखाच, डोळ्यांना न दिसणारी प्रेतं घरात ओढत आला.

बघा, त्या बाई स्वतःबद्दलच बोलल्या, पण एजॅक्सचं बोट धरून बोलल्या. नाटकाचा हा उपयोग दुसऱ्या कशाला नाही. पात्र मध्ये असतं, त्याच्या आडून जेवढं बोलायचं तेवढं बोलता येतं आणि नको वाटलं की 'मी त्याच्याबद्दल म्हणत होते' असं म्हणून मागे सरता येतं. म्हणून कुणाला 'तुमच्या आयुष्यात असं घडलंय का?' असं कधीही विचारू नका, कधीही म्हणजे कधीही. 'ती तेव्हा दार उघडून बाहेर का नाही गेली?' असं विचारा, मग ज्याला जेवढं आत शिरायचं तेवढं तो शिरेल. (आणि 'का नाही गेली' यात सुद्धा दोष देण्याचा सूर येऊ शकतो, मी आता 'तिला कशाने थांबवलं' असं विचारते.)

डोरीस यांची आणखी एक गोष्ट घेण्यासारखी. वाचन झालं की आधी चार जण बोलतात, विद्वान नाही, त्याच समाजातले, म्हणजे एखादा माजी सैनिक, कुणाची बायको, मनोविकारांवर काम करणारं कुणी, आणि मग माइक प्रेक्षकांत जातो. म्हणजे पहिल्यांदा बोलण्याचं ओझं प्रेक्षकातल्या एकट्या कुणावर पडत नाही.

तुमच्या पुढच्या प्रयोगाला एक समुपदेशक हॉलमध्ये असू द्या, स्टेजवर नको, मागे दाराजवळ, आणि सुरुवातीला सांगा की या इथे बसल्यात, मध्येच उठून यांच्याकडे गेलात तरी चालेल. रेकॉर्डिंग बंद, मोबाइल बंद, हे सगळ्यांकडून कबूल करून घ्या. कुणी मन मोकळं केलंच तर टाळी नाही, सल्ला नाही, 'धन्यवाद, आम्ही ऐकलं' एवढं म्हणून थोडं थांबा, आणि चर्चा परत पात्रावर आणा. नंतर तुमच्यातल्या एकीने त्यांच्यासोबत दारापर्यंत चालत जायचं. त्या बाई कोण होत्या ते आयोजकांपैकी कुणाला माहीत असेल तर निरोप पाठवा, पण भेटायला घरी जाऊ नका, घरात कोण असेल आणि त्याचा त्यांना काय त्रास होईल ते आपल्याला माहीत नाही.

ताई, फोरम थिएटर करून बघितलं. प्रेक्षक स्टेजवर येऊन पात्राची जागा घेतात ते. पहिल्याच माणसाने येऊन सासऱ्याला दम दिला, सासरा लगेच सुधारला, सगळे हसले, दहा मिनिटांत समस्या सुटली. हे असंच असतं का?
— दहा मिनिटांत मोकळे झालेले

असंच होतं, पण असं असायला नको. या पद्धतीचे जनक ब्राझीलचे ऑगस्टो बोआल, त्यांच्याकडे यावर एक साधा नियम होता: अशक्य तोडगा आला की प्रेक्षकांनीच ओरडायचं, 'जादू!' मग तो तोडगा बाद. तुमच्या सासऱ्याचं काम करणाऱ्या नटाने इतक्या लवकर हार मानायला नको होती, तालमीत त्याला आधी सांगायचं असतं की बाबा तू नमायचं नाहीस, खरा सासरा नमेल तेवढाच नम, आणि प्रेक्षकाला घाम फुटू दे. बदलायचं ते दबलेलं पात्र, दाबणारा नाही, कारण दाबणाऱ्याला चांगलं करून टाकणं ही सगळ्यात मोठी जादू. आणि मध्ये जो सूत्रधार असतो, बोआल त्याला जोकर म्हणायचे, त्याने प्रत्येक प्रयत्नानंतर 'बरोबर की चूक' विचारायचं नाही, 'हे तुमच्या घरात चाललं असतं का?' हे विचारायचं.

बोआलना हे सुचलं कसं तो किस्सा मला फार आवडतो. 1973 मध्ये पेरू देशात ते साक्षरता मोहिमेत काम करत होते. तेव्हा पद्धत अशी की प्रेक्षक बसल्या जागेवरून सुचवणार आणि नट ते करून दाखवणार. एका बाईंची गोष्ट होती, नवरा घर बांधायचं म्हणून पैसे न्यायचा आणि पावत्या म्हणून कागद आणून द्यायचा, बाईंना वाचता येत नव्हतं, शेवटी शेजारणीकडून वाचून घेतले तर ती दुसऱ्या बाईची प्रेमपत्रं! आता नवरा घरी येणार, तर या बायकोने काय करावं? प्रेक्षकांतली एक धिप्पाड बाई म्हणाली, 'त्याच्याशी स्पष्ट बोलावं आणि मग माफ करावं.' नटीने स्पष्ट बोलून दाखवलं. बाई म्हणाली असं नाही. परत केलं, अजून स्पष्ट, तरी नाही. बोआल वैतागून म्हणाले मग तुम्हीच या वर. ती आली, झाडू उचलला आणि नवरा झालेल्या नटाला असा बडवला की काही विचारू नका, आणि दमल्यावर बसून म्हणाली, आता झालं बोलून, जा माझं जेवण घेऊन ये आतून.

'स्पष्ट बोलणं' या दोन शब्दांचा त्या बाईंच्या मनातला अर्थ नटीला शंभर वेळा सांगूनही कळला नसता. म्हणून माणसाला वर बोलवायचं. तुमचे ते दम देणारे गृहस्थ परत आले तर त्यांना सुनेच्या जागी उभं करा, आणि सासऱ्याला सांगा, सोडू नकोस.

आमचे प्रेक्षक साधे आहेत. अवघड नाटक आणून चर्चा ठेवली तर कुणाला काही कळणार नाही.
— एक आयोजक

कुणाला काय कळेल हे आपण ठरवायला गेलो की आपलंच हसं होतं. 1957 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅन क्वेंटिन तुरुंगात साधारण चौदाशे कैद्यांसमोर 'वेटिंग फॉर गोदो' झालं. तेच ते, दोघं जण वाट बघतात आणि जो यायचा तो येतच नाही, ज्याने भल्याभल्या शहरी प्रेक्षकांना गोंधळात टाकलं. नाटक निवडायचं एक कारण अगदी व्यावहारिक होतं, त्यात बाईचं पात्र नाही. दिग्दर्शक हर्बर्ट ब्लाउ प्रयोगाआधी कैद्यांसमोर आले आणि एवढंच म्हणाले की जॅझ संगीत ऐकता तसं बघा, ज्याला जे सापडेल ते. नंतर एका पत्रकाराने कैद्यांना विचारलं गोदो कोण? एक म्हणाला समाज, दुसरा म्हणाला बाहेरचं जग. वाट बघणं म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तुम्हीही आधी पाच मिनिटं बोला, पण नाटकाचा अर्थ सांगू नका, कसं बघायचं तेवढं सांगा. आणि 'साधे' हा शब्द प्रेक्षकांसमोर चुकूनही तोंडातून काढू नका.

आमचे दिग्दर्शक चर्चेला बसत नाहीत. म्हणतात, मला जे म्हणायचं ते नाटकात म्हटलं. हा उद्धटपणा नाही का?
— कार्यक्रम समिती सदस्य

नाही. खरं सांगू का, दिग्दर्शक नसला की चर्चा बरी होते, असला की सगळे परीक्षेचा पेपर फुटल्यासारखे त्याच्याकडे बघतात, 'त्या लाल दिव्याचा अर्थ काय?' आणि तो सांगतो आणि लाल दिवा तिथेच विझतो.

आणि लेखकाचा तरी शेवटावर शेवटचा अधिकार कुठे राहतो! इब्सेनच्या 'डॉल्स हाऊस'मध्ये, 1879 चं नाटक, नोरा नवऱ्याचं घर आणि मुलं सोडून निघून जाते. जर्मनीतल्या नटीने सांगितलं मी माझी मुलं सोडून गेले नसते, म्हणून हा शेवट मी करणार नाही. दुसरं कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच करावी म्हणून इब्सेननेच नाइलाजाने दुसरा शेवट लिहून दिला, त्यात नोराला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतात आणि ती तिथेच कोसळते, जात नाही. स्वतःच लिहिलेल्या त्या शेवटाला तो नंतर रानटीपणा म्हणत राहिला. तुमच्या ग्रुपला हे दोन शेवट सांगा आणि कुठला खरा वाटतो एवढं विचारा, दिग्दर्शकाची आठवण कुणाला होणार नाही.

चर्चेने काय होतं? घरी जाऊन लोक पुन्हा तसेच.
— एक खवचट वाचक

बरेचदा तसेच, मान्य. देवलांचं 'संगीत शारदा' 1899 मध्ये रंगभूमीवर आलं, म्हाताऱ्या नवऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न लावण्यावर, आणि बालविवाहाला आळा घालणारा कायदा आला 1929 मध्ये. आता पुष्कळांना वाटतं शारदा कायदा हे नाव त्या नाटकावरून पडलं, ते तसं नाही, तो मांडणारे हरबिलास सारडा, त्यांच्या नावावरून. पण नाटकाचं नाव कायद्याला चिकटलेलं लोकांना खरं वाटावं, हेही थोडकं नाही. दुसरीकडे ते वरचे बोआल 1993 ते 1996 रिओमध्ये नगरसेवक होते आणि वस्त्यांमधल्या फोरम नाटकांतून आलेल्या मागण्यांचे तेरा कायदे त्यांच्या कारकिर्दीत झाले. म्हणजे होतं, पण मध्ये कुणालातरी ते लिहून घेऊन पुढे न्यावं लागतं. तुमच्या चर्चेत कोण लिहून घेतं?

आमच्याकडे थिएटर नाही, ग्रुप नाही. आम्ही चार मैत्रिणी आहोत आणि नाटकाची आवड आहे. चौघींत काय चर्चा होणार?
— चौघींपैकी एक

चौघीच बऱ्या! सगळ्यांना बोलावंच लागतं. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' घ्या, 1967 चं आहे, आणि फक्त शेवटची काही पानं मोठ्याने वाचा. खेळ म्हणून सुरू झालेला खटला तोवर खेळ उरलेला नसतो, त्यात आरोपी केलेल्या बेणारेबाईंना बोलायला दहा सेकंद मिळतात, आणि मग त्या जे बोलतात ते लांबच्या लांब स्वगत प्रेक्षकांना ऐकू येतं, पण कोर्टाच्या हिशेबी त्या काहीच बोललेल्या नसतात. एकीने बेणारे वाचायची, एकीने बाकीचं कोर्ट, उरलेल्या दोघींनी डोळे मिटून ऐकायचं. वाचून झालं की तिला कुणी ऐकलं नाही ते नक्की कुठल्या वाक्यापासून, एवढं प्रत्येकीने पानावर बोट ठेवून दाखवायचं. मी हे केलंय, चार जणींची बोटं चार ठिकाणी होती आणि दोघी दुसऱ्या दिवशी फोन करून परत भांडल्या. पुस्तकाची एकच प्रत असली तरी चालेल, फिरवत वाचा, फक्त बेणारे करणारीने आधी एकदा मनात वाचून ठेवा, मध्ये अडखळलात तर मजा जाते.